गादी नको म्हणणाऱ्याची बाजू

"बुवा पयाला अन् पिक्चर सरला. याले काय म्हनाव?" नान्नी मोरेत्ती यांच्या 'हाबेमुस पापाम' या इटालियन चित्रपटावर खामगावच्या एका मित्राने दिलेला हा निकाल. त्याच्यासोबत चित्रपट पाहिलेल्या बाकीच्यांचे निकाल वेगवेगळे होते, पण सूर तक्रारीचाच. कुणाला हसू कमी पडलं, कुणाला ते जास्त झालं. एका निवृत्त शिक्षकांना पोप बेजबाबदार वाटला, एका प्राध्यापिकेला दिग्दर्शक भित्रा वाटला. मधल्या व्हॉलीबॉलच्या वेळी चहा टाकायला उठून गेलो तरी आपलं काही बुडालं नाही, असंही एकाने जाहीर केलं. या सगळ्यांशी माझं भांडण आहे. ज्यांना चित्रपट आवडला त्यांच्यातल्या काहींशीही आहे, कारण त्यांना तो भलत्याच कारणासाठी आवडला.

२०११ सालचा हा चित्रपट आपल्याकडे आत्ता पाहिला जाण्याचं निमित्त उघड आहे. २१ एप्रिल २०२५ला पोप फ्रान्सिस गेले, ८ मेला लिओ चौदावे निवडून आले. मधल्या दिवसांत पोपच्या निवडणुकीवरचा आदल्याच वर्षीचा चित्रपट 'कॉन्क्लेव्ह' अनेकांनी पाहिला आणि तो संपल्यावर अशाच विषयावरचं आणखी काही शोधताना ते मोरेत्तींपाशी पोचले. तिथंच घोळ झाला. 'कॉन्क्लेव्ह'मध्ये खुर्चीसाठी डावपेच आहेत, फुटलेली गुपितं आहेत, एकेक मोहरा गळत जातो. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला त्यात परकं काही वाटत नाही. मोरेत्तींच्या चित्रपटात मात्र खुर्ची कुणालाच नको आहे. मतदान चालू असताना बंद दाराआड एकेक कार्डिनल मनातल्या मनात देवाला विनवतो, की मी नको, दुसरा कुणीही चालेल. शेवटी, ज्याच्यावर कुणाचीच पैज नव्हती अशा मेलव्हिल नावाच्या म्हाताऱ्या कार्डिनलच्या गळ्यात माळ पडते. टाळ्यांच्या कडकडाटात तो होकार देतो. पांढरा झगा अंगावर चढतो, सज्ज्यावरून पोप मिळाल्याची घोषणा होते, आता फक्त नाव सांगायचं उरतं. तेवढ्यात आतून किंकाळी ऐकू येते. मला जमणार नाही, मला वाचवा.

पुढचा चित्रपट म्हणजे त्या किंकाळीची विल्हेवाट. मनोविश्लेषक बोलावला जातो, ही भूमिका स्वतः मोरेत्तींनी केली आहे. पोप एका संधीचा फायदा घेऊन रोमच्या रस्त्यांवर निसटतो आणि नाव जाहीर झालेलं नसल्यामुळे कार्डिनल मंडळी व्हॅटिकनमध्येच अडकून पडतात. मेलव्हिल साकारला आहे मिशेल पिकोली यांनी. त्या वेळी ते पंचाऐंशीचे होते आणि इटलीचा दाविद दी दोनातेल्लो पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला.

आता व्हॉलीबॉल. चित्रपट मध्येच रेंगाळतो, कार्डिनलांचे सामने म्हणजे भरताड आहे, असं म्हणणाऱ्यांची संख्या सगळ्यात मोठी. मला तर तोच भाग चित्रपटाचा कणा वाटतो. पाहा काय घडतं ते. मनोविश्लेषकाला पोपशी एकांतात बोलू दिलं जात नाही. सगळे कार्डिनल गोल करून उभे राहतात आणि त्याने पोपला काय काय विचारायचं नाही याची यादी त्याला दिली जाते. लैंगिकतेबद्दल नको, स्वप्नांबद्दल नको, आईबद्दल जपून. म्हणजे ज्या माणसाला ऐकून घेण्यासाठी आणलं, त्याला ऐकण्याची बंदी. तो माणूस मग करतो काय? वेळ जात नाही म्हणून व्हॅटिकनच्या आवारात खंडवार संघ पाडून व्हॉलीबॉलची स्पर्धा भरवतो. ओशनियाचा संघ तर तीनच जणांचा. झगे सावरत सत्तरी ओलांडलेले धर्माचार्य चेंडूमागे धावतात, खोखो हसतात, पंचाशी हुज्जत घालतात. आणि आपण, प्रेक्षक, त्यांच्याकडे बघून खूश होतो.

इथे मोरेत्ती आपल्याला पकडतात. पोप बेपत्ता आहे. जगभरचे कोट्यवधी भाविक चौकाकडे डोळे लावून आहेत. आणि आत स्पर्धा रंगात आलेली आहे. संस्थेच्या डोक्यावर माणूस नसताना संस्था कशी चालते, तर इतकी छान चालते. गुणफलक लागतो, संघ ठरतात, कुणी विचारत नाही की ज्याच्यासाठी आपण इथं थांबलोय तो कुठं आहे. पोप निघून गेल्याचं अखेर उघड होतं तेव्हा खेळ थांबतो आणि स्पर्धा अर्धवट राहिल्याचं सगळ्यात जास्त वाईट मनोविश्लेषकालाच वाटतं. जो माणसाच्या मनाचा तज्ज्ञ म्हणून आणला, त्याची निष्ठाही वेळापत्रकालाच. मला सांगा, यापेक्षा बोचरा विनोद कोणत्या भाषणबाजीतून साधला असता? चहा टाकायला उठलेल्या मित्राने नेमका गाभा चुकवला.

त्याच्या जोडीला तो स्विस रक्षक. पोप पळाल्याचं कार्डिनलांना कळू नये म्हणून व्हॅटिकनचा प्रवक्ता एका रक्षकाला पोपच्या खोल्यांत आणून ठेवतो. त्याने दिवसभर खायचं, प्यायचं आणि अधूनमधून पडदा हलवायचा. खाली अंगणात कार्डिनल पडद्यावरची सावली पाहून समाधानाने माना डोलावतात. पोप आहेत, जेवताहेत, सगळं ठीक आहे. आपल्याकडे राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईंच्या नावाचा फलक ग्रामपंचायतीत असतो आणि सह्या मात्र 'सरपंचपती' करतात. व्हॅटिकनमध्ये फक्त पडदा जाड. एका दृश्यात त्या खोलीतून मेर्सेदेस सोसा यांचं गाणं मोठ्याने वाजू लागतं आणि म्हातारे कार्डिनल त्या तालावर डोलू लागतात. कुणाला ते दृश्य उगाच घुसडलेलं वाटलं. सावलीवर विश्वास बसला की माणसं किती आनंदात राहू शकतात, हे सांगण्यासाठी ते तिथं आहे.

प्राध्यापिकाबाईंचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि इटलीतही तो तेव्हा घेतला गेला होता. मोरेत्ती नास्तिक, डाव्या विचारांचे. २००६ साली 'इल काइमानो'मध्ये त्यांनी बेर्लुस्कोनींना अंगावर घेतलं होतं. तेच मोरेत्ती चर्चवर चित्रपट करतात तेव्हा धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांवर एक शब्द नाही, पैशांच्या भानगडींवर नाही. उलट कार्डिनल म्हणजे गोंडस आजोबा. ही माघार नाही का? बाईंनी तुलनेला 'देऊळ' आणला. योगायोग असा, की उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ'ही २०११चाच. मोरेत्तींचा चित्रपट एप्रिलमध्ये इटलीत लागला, 'देऊळ' नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात. 'देऊळ'ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'ब्यारी'सोबत विभागून मिळाला. गिरीश कुलकर्णींना अभिनयासाठी आणि संवादांसाठी असे दोन मिळाले. मंगरूळ गावच्या केश्याला दत्ताचा दृष्टान्त होतो, त्यावर गावाचा बाजार उभा राहतो, दवाखान्याची जागा देवळाला जाते. बाई म्हणतात, हा खरा दंश. श्रद्धेच्या नावाने कोण खातो, हे यात नावानिशी दिसतं. मोरेत्ती कुणाचं नाव घेतात?

'देऊळ' मलाही आवडतो. पण तो पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक काय म्हणाला, ते आठवून पाहा. भाऊ गळंदे कसा पक्का आहे, नाना पाटेकरांनी काय धमाल केली, आमच्या गावातही असंच झालं. प्रत्येकाने बोट दुसऱ्याकडे केलं. पुढारी वाईट, पत्रकार वाईट, गल्ल्यावर बसणारे वाईट. ज्या चित्रपटात खलनायक नीट ओळखता येतो, तिथं प्रेक्षक आपोआप सज्जन ठरतो. मोरेत्तींनी ही सोय काढून घेतली. त्यांचे कार्डिनल लबाड नाहीत, पैसे खात नाहीत, कुणावर अत्याचार करत नाहीत. ते प्रेमळ आहेत. आणि तरीही एका घाबरलेल्या म्हाताऱ्याला ते सोडत नाहीत. वाईट माणसांनी कुणाचा जीव घोटला तर आपण समजू शकतो. चांगल्या माणसांनी टाळ्या वाजवत तो घोटला, तर बोट दाखवायला जागा उरत नाही. अत्याचारांवरचा चित्रपट जरूर व्हावा, नव्हे झालेही आहेत, पण या चित्रपटाला तो न झाल्याबद्दल फटके मारणं म्हणजे विहिरीवरच्या चित्रपटात धरण का नाही, असं विचारणं.

दुसऱ्या टोकाला भावना दुखावल्याची तक्रार. इटलीतल्या बिशपांच्या 'अव्हेनिरे' या दैनिकात, पोपला हात लावू नका, हा चित्रपट पाहू नका, असं सांगणारं व्हॅटिकनच्या एका वार्ताहराचं पत्र छापून आलं होतं. खुद्द व्हॅटिकन रेडिओने मात्र चित्रपटात टवाळी नाही, असं म्हणून शांतपणे घेतलं. आपल्या मंडळींपैकी ज्यांना पोपची थट्टा रुचली नाही, त्यांचा चर्चशी काही संबंध नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की 'कोणत्याही' धर्मगुरूची थट्टा बरी नव्हे. ही काळजी शेजाऱ्याच्या देवाबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त आहे, हे मला कळतं. चित्रपटात पोपच्या श्रद्धेवर एकदाही हसलं जात नाही, हे त्यांनी पुन्हा पाहून खात्री करून घ्यावं. मेलव्हिलला देवाबद्दल शंका नाही. शंका आहे ती स्वतःबद्दल. यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

शिक्षकांचा आक्षेप मात्र मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो आपल्या मातीतला आहे. ते म्हणाले, "अर्जुनानेही धनुष्य खाली टाकलं होतं. अंगाला कापरं सुटलं होतं, तोंड कोरडं पडलं होतं. म्हणून काय महाभारत तिथंच संपवायचं? या चित्रपटात कृष्ण नाही, हीच त्याची उणीव. विषाद आहे आणि उपदेश नाही." वाक्य इतकं नेमकं होतं, की बैठकीतले बाकीचे गप्प झाले.

पण अर्जुनाची अडचण काय होती? लढता येत नाही, ही नव्हती. त्याच्याइतका धनुर्धर दुसरा नव्हता आणि हे त्यालाही ठाऊक होतं. समोर आजोबा, गुरू, भाऊ उभे आहेत, त्यांना मारणं योग्य का, हा त्याचा प्रश्न. म्हणजे प्रश्न धर्माचा, कुवतीचा नव्हे. म्हणून उपदेशाने तो सुटू शकला. मेलव्हिल सांगतो ते वेगळं आहे: मला हे येत नाही. इथं कितीही अध्याय ऐकवले तरी उपयोग नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला काठावरून कर्मयोग सांगितला तर तो बुडेल, फक्त निष्काम बुडेल. आणि कृष्णाने अर्जुनाचं म्हणणं आधी ऐकून घेतलं होतं, पूर्ण. मेलव्हिलचं कोण ऐकतं? कार्डिनल म्हणतात, आम्ही आहोत ना मदतीला. डॉक्टर तब्येत तपासून सांगतात, प्रकृती उत्तम आहे. प्रवक्त्याला घोषणेची घाई. मनोविश्लेषकाची विभक्त झालेली बायको, तीही त्याच पेशातली. पोप तिच्याकडे ओळख लपवून जातो, तर ती लहानपणी आईबापांचं लक्ष कमी पडल्याचं आपलं ठरलेलं निदान त्याला चिकटवते. प्रत्येकाकडे उत्तर तयार आहे. शिक्षकांना जो कृष्ण हवा, तसे या चित्रपटात चार-पाच आहेत. पोपला त्यांच्यापासूनच पळायचं आहे.

आता चाहत्यांकडे वळतो. त्यांचा आवडता मुद्दा असा, की मोरेत्तींनी भविष्य वर्तवलं. चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी बेनेडिक्ट सोळावे यांनी राजीनामा जाहीर केला. कित्येक शतकांत घडलं नव्हतं ते घडलं. म्हणून चित्रपट थोर! एखाद्या कलाकृतीचं मोल ती खरी ठरली की नाही यावर मोजायचं, तर पंचांगाला साहित्य अकादमी द्यावी लागेल. शिवाय दोन्ही घटना सारख्याही नाहीत. बेनेडिक्ट जवळजवळ आठ वर्षं त्या पदावर होते, शरीर थकल्यावर उतरले. राज्य करून संन्यास घेणं आपल्या परंपरेला पूर्वापार मान्य आहे, वानप्रस्थाची पायरीच आहे ती. मेलव्हिल चढायच्या आधीच नको म्हणतो. सन्मानाची अशी कुठलीही पायरी त्याला मिळत नाही.

इतिहासात जवळचं उदाहरण शोधायचं तर सातशे वर्षं मागे जावं लागेल. १२९२मध्ये चौथे निकोलस वारले आणि कार्डिनलांचं दोन वर्षं एकमत होईना. शेवटी जुलै १२९४मध्ये त्यांनी डोंगरात राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या एका तपस्व्याला निवडलं. पिएत्रो त्याचं नाव. गाढवावर बसून तो राज्याभिषेकाला आला आणि पाचवे सेलेस्टीन झाला. कारभार त्याला झेपेना. १३ डिसेंबरला, म्हणजे पाच महिन्यांत, त्याने पद सोडलं. त्याला परत जायचं होतं आपल्या गुहेत. पण त्याच्या जागी आलेल्या आठव्या बोनिफेसना ती जोखीम वाटली. पायउतार झालेला पोप मोकळा फिरला, तर विरोधक त्यालाच पुढे करतील. त्यांनी त्याला पकडून आणून फुमोनेच्या किल्ल्यात ठेवलं. १२९६मध्ये तो तिथंच मेला. १३१३मध्ये चर्चने त्याला संत केलं.

ही कथा वाचली तेव्हा मला शेगाव आठवलं. यात अनादर कुणाचा नाही. शेगावचं संस्थान ज्या नेटकेपणाने चालतं, त्याचा अभिमान बुलढाणा जिल्ह्यातल्या नास्तिकालाही आहे. मला आठवली ती दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथातली एक गोष्ट, जी पारायणात आपण भराभर वाचून पुढे जातो. २३ फेब्रुवारी १८७८ला गजानन महाराज शेगावात लोकांच्या नजरेस पडले, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. बंकटलाल अग्रवाल यांनी त्यांना घरी नेलं. पुढे काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे, दर्शनाला रीघ लागली. आणि मग महाराज एके दिवशी कुणाला न सांगता शेगावातून निघून गेले. पिंपळगावाजवळच्या रानात जुन्या शिवालयात जाऊन बसले. गुराख्यांनी पाहिलं, गावात वर्दी गेली आणि पिंपळगावच्या लोकांनी त्यांना वाजतगाजत आपल्या गावात नेलं. बंकटलालांना बातमी लागली. ते गाडी घेऊन गेले आणि महाराजांना परत घेऊन निघाले. वाटेत गाडीत बसलेले महाराज त्यांना विचारतात, की लोकांचा माल असा जबरीने उचलून नेणं ही कुठली सावकारी? पुढे थोडे दिवस शेगावात काढून ते पुन्हा निघाले, या वेळी अडगावच्या दिशेने.

भक्त या प्रसंगात लीला पाहतो, आणि त्याने ती जरूर पाहावी. मी फक्त घटनाक्रम पाहतो. एक माणूस गर्दी सोडून जातो, त्याला आणतात, तो पुन्हा जातो. गाडीतला तो प्रश्न दासगणूंनी १९३९मध्ये ग्रंथात नोंदवून ठेवला आहे आणि पारायण करणाऱ्या लाखो जणांनी तो वाचलेला आहे. मेलव्हिल रोममध्ये पळतो, तेव्हा तो आपल्याला एवढा अनोळखी का वाटावा? अमरावतीकडच्या गाडगेबाबांचंही तेच. त्यांना पाया पडलेलं खपत नसे, कीर्तन उरकलं की लोक चरणांशी पोचायच्या आत ते निघालेले असत, शिष्य एकही केला नाही. ते १९५६मध्ये गेले आणि आज त्यांच्या पुतळ्यांच्या पायांवर डोकं ठेवण्यासाठी रांगा लागतात.

"पण ते संत होते," शिक्षक म्हणतील. "त्यांचा नकार विरक्तीतून आला, या पोपचा भीतीतून." हाच फरक मला मान्य नाही. नकार देणारा मोठा ठरला की त्याच्या पळण्याला आपण वैराग्य म्हणतो, साधा ठरला की पळपुटेपणा. पळताना दोघांनाही ते लेबल ठाऊक नसतं. आणि गंमत म्हणजे आपल्या चित्रपटांनीही आपल्याला हीच सवय लावली. १९३६च्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा शिवरायांचे नजराणे परत पाठवतात, आपण हेलावतो, कारण शेवटी वैकुंठाचं विमान येणार हे माहीत असतं. 'गाईड'मधला राजू तर सरळ नको असलेला महात्मा. गावकरी त्याला साधू ठरवतात, उपोषणाला बसवतात, तो सुटू पाहतो आणि सुटत नाही. पाऊस पडतो, राजू मरतो, प्रेक्षक डोळे पुसतो. राजूने उपासाच्या सातव्या दिवशी पिशवी उचलून बस पकडली असती तर? १९६५मध्ये पडदा फाडला असता लोकांनी. नकार आपल्याला चालतो, मात्र शेवटी तो मोडला पाहिजे, नाहीतर नाकारणाऱ्याने तरी मरायला पाहिजे. मोरेत्ती दोन्हीतलं काहीच करत नाहीत. त्यांचा म्हातारा सज्ज्यावर येतो, धडधाकट उभा राहतो आणि चौकातल्या गर्दीला सांगतो की नेतृत्व करण्याचं बळ माझ्यात नाही, मला माफ करा. मग आत निघून जातो. आर्व्हो पेर्ट यांचं 'मिझेरेरे' वाजू लागतं. कार्डिनलांनी चेहरे ओंजळीत घेतलेले असतात.

याला अर्धवट शेवट म्हणणाऱ्यांना मी भेंडवळला यायचं निमंत्रण देतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. धान्यं, घागर, पानविडा. रात्रभर तिथं कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं हे पाहून पावसाचं, पिकांचं आणि राज्याचं भाकीत सांगितलं जातं. पानविडा म्हणजे राजा. तो जागेवर असला की राजाची गादी कायम. शेकडो शेतकरी कान टवकारून उभे असतात आणि राजाचं वाक्य आलं की पत्रकारांची लगबग होते. पांढऱ्या धुराची वाट पाहणारा सेंट पीटर्सचा चौक काही वेगळा नसतो. दोन्हीकडे प्रश्न एकच: गादी राहते की जाते? राजाला राहायचं आहे का, हा प्रश्न मांडणीतच नाही. त्यासाठी तिथं धान्याचा एक दाणाही ठेवलेला नाही.

मेलव्हिल सज्ज्यावर तो प्रश्न मांडतो आणि स्वतःच उत्तर देतो. त्यानंतर कार्डिनलांना पुन्हा मतदान करावं लागेल, कदाचित त्यांचा आवडता कार्डिनल ग्रेगोरी निवडून येईल, व्यवस्था आठवड्याभरात रुळावर येईल. हे सगळं दाखवायला अजून वीस मिनिटं लागली असती आणि खामगावचा मित्र समाधानाने झोपला असता. पण ते आपल्याला आधीच माहीत आहे, 'देऊळ'नेच शिकवलं आहे. केश्या मूर्ती पाण्यात सोडतो तर गाव दुसरी बसवतं. रिकामी गादी कशी भरते, यात रहस्य नसतं.

राहता राहिली नाटक मंडळी. मेलव्हिलला तरुणपणी नट व्हायचं होतं, नाट्यशाळेने त्याला घेतलं नाही. पळालेल्या दिवसांत चेखॉव्हचं 'सीगल' करणाऱ्या एका मंडळीशी त्याची गाठ पडते. त्यांच्यातला एक नट भान हरपून संवादांसोबत कंसातल्या रंगसूचनाही म्हणत सुटतो आणि त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागतं. काहींना हे उपकथानक चिकटवल्यासारखं वाटलं. मला वाटतं, पोपपदाबद्दल चित्रपटाला जे म्हणायचं आहे ते इथंच सगळ्यात सरळ म्हटलं आहे. सिस्टिन चॅपलला लागून एक लहान खोली आहे, नवनिर्वाचित पोप तिथं पांढरा झगा चढवतो. लहान, मध्यम, मोठा अशा तीन मापांचे झगे आधीच शिवून ठेवलेले असतात. खोलीला नाव आहे अश्रूंची खोली. म्हणजे रडू येणार हे संस्थेला शतकानुशतकं माहीत आहे आणि त्यासाठी तिने खोलीही नेमून दिली आहे. रडून झालं की झगा घालून बाहेर यायचं. मेलव्हिलला नट व्हायचं होतं म्हणूनच भूमिका काय असते हे त्याला त्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. जमत नसलेली भूमिका रेटून नेणाऱ्या नटाचं काय होतं, ते त्याने रुग्णवाहिकेत पाहिलेलं असतं. ऐन प्रयोगात कार्डिनल प्रेक्षागृहात शिरून त्याला घेऊन जातात, तेव्हा पिंपळगावला गाडी घेऊन गेलेल्या बंकटलालांची मला पुन्हा आठवण झाली.

एक तक्रार मात्र मी मान्य करतो. मार्गेरिता बुय यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री त्या मनोविश्लेषक बाईच्या भूमिकेत वाया गेली आहे. तिच्या वाट्याला एक सिद्धान्त आणि दोन भांडकुदळ मुलं आली, माणूस म्हणून काही आलं नाही. मोरेत्ती स्वतःच्या भूमिकेच्या प्रेमात जरा जास्तच आहेत आणि मधली दहा मिनिटं त्यांनी बायकोला दिली असती तर बिघडलं नसतं. पण ही चूक मोरेत्तींची आहे. तिचा राग मेलव्हिलवर काढू नका, त्याच्यावर आधीच पुष्कळांनी काढला आहे.